कागदावरचा अवसर

मु. धामणखोल,
मंगळवार, १० सप्टेंबर १९६३

श्री. रविकांत भावोजी यांस,

धाकट्या दिराला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, तो लिहिला असे समजा.

बातमी आधी सांगते. काल सोमवारी नवे फौजदार स्वतः आपल्या घरी आले होते. एप्रिलात जप्त झालेली आपली ठासणीची बंदूक परत मिळावी म्हणून तुम्ही मुंबईहून केलेला अर्ज मामलेदार कचेरीत पोचला आहे, आणि त्यावर येत्या सोमवारी, सोळा तारखेला निर्णय व्हायचा आहे, असे त्यांनीच सांगितले. घरच्यांची हरकत नसेल तर बंदूक दसऱ्याआधी घरात येईल. पोलीस पाटील गंगाराम परब शेजारी उभे होते, त्यांनीही मान हलवली. म्हणजे बातमी पक्की.

अर्जात ‘घरच्या सर्वांच्या संमतीने’ असे शब्द आहेत. फौजदारांनी ते मला वाचून दाखवले. त्या सर्वांत मी धरलेली आहे का, हे विचारायला पत्र लिहिते आहे.

खुशाली म्हणाल तर भात पोटरीला आले आहे. गणपती पाच दिवसांचे झाले, आरतीला वाडीतले लोक आले, पण प्रसाद घेऊन लगेच गेले. आमच्या विमलला दिवस गेले आहेत, विजयदुर्गाला सासरी तिसरा महिना चालू आहे. तुमचे दादा दोन वेळ जेवतात. तुमच्या मंडळींना, सुगंधाला सांगा, तिने पाठवलेले लुगडे पोचले. एवढी खुशाली पुरे.

तुमचे दोन तारखेचे पत्र माझ्यापुढे आहे. तुम्ही लिहिता, ‘जुनी ठासणीची बंदूक. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या गावात पोचतो. असल्या हत्याराला कसले कायदे? गेल्या साली चीन अंगावर आला तेव्हा ह्याच सरकारने पोरांना काठ्या खांद्यावर घेऊन कवायत करायला लावली, आणि आता आमच्या घरातली खरी बंदूक ह्यांच्या डोळ्यांत खुपते.’ वाक्य चांगले जमले आहे. मुंबईतल्या आपल्या गावच्या मंडळाच्या सभेत म्हटलेत तर टाळ्या पडतील. पण भावोजी, अठरा एप्रिलला एकच बार निघाला होता. दुसरा भरायची गरज पडली नाही.

आणखी लिहिता की दसऱ्याला देवाच्या काठ्या, तरंगे, देवळाबाहेर पडताना बार काढण्याचा मान चार पिढ्या धुऱ्यांचा आहे, यंदा बंदूक नसेल तर तो परबांच्या दारात जाईल, आणि मुंबईत कार्यक्रमाचा कागद छापून झाला आहे. त्या कागदावर ‘बार : श्री. धोंडू धुरी’ असे छापल्याचे गंगाराम पाटलांकडून कळले. मला वाटते ह्या साऱ्या प्रकरणात तुम्हाला खरी काळजी त्या छापलेल्या कागदाचीच आहे. मंडळाचे चिटणीस तुम्ही. नाव खोडायला तुम्हाला लाज वाटते.

आता तुमच्या पत्रातले मला सर्वात झोंबलेले वाक्य. ‘जानेवारीत चौकशी झाली तेव्हा वहिनी, तुमच्यासमोरच झाली. हवालदाराने मन ठीक असल्याचे लिहिले. मग तेव्हा शहाणा असलेला माणूस आता तुम्हाला वेडा कसा वाटू लागला?’

तर ती चौकशी कशी झाली ते लिहिते. तुम्ही तेव्हा मुंबईत होता. परवाना हातात पडल्यावर तुम्ही रजा काढून आलात आणि बंदूक खांद्यावर टाकून देवळापासून घरापर्यंत मिरवत आणलीत. त्याच्या आधीचे तुम्हाला ठाऊक नाही.

मामंजी वारल्यापासून बंदूक ठाण्यात जमा होती. नवा कायदा लागू झाला, परवाना तुमच्या दादांच्या नावाने नव्याने मागायचा होता. मागणाऱ्याचे मन ठिकाणावर आहे ना, हे पाहिल्याशिवाय परवाना द्यायचा नाही असे त्या कायद्यात आहे. नियम चांगला आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. पण पाहायचे कोणी आणि कसे? साताऱ्याकडचा एक हवालदार आला. घरापुढच्या खळ्यात बाकड्यावर बसून चहा प्यायला. गंगाराम पाटील खांबाला टेकलेले. तुमचे दादा समोर पायरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मला दारात बोलावले.

‘अर्जदारास वेड, भ्रम, झटका वगैरे काही?’ हवालदाराने विचारले.

अडकित्ता थांबला. तुमच्या दादांनी माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, ‘तसा काय नाय. ह्यांका अवसार येता.’

‘काय येतो?’

‘अवसार.’

‘मग चांगलंच की. शेत राखायचं तर माणसाकडं अवसर पाहिजे. आम्हाला जेवायलाही मिळत नाही.’ असे म्हणून त्याने लिहायला घेतले. गंगाराम पाटील पान थुंकायला कुंपणापाशी गेले, ते बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

तुम्ही मुंबईत राहून विसरला नसाल, तरी लिहिते. दसऱ्याला ढोल वाजू लागले की तरंग धरणाऱ्याच्या अंगात देव उतरतो, त्याला आपण अवसार म्हणतो. हवालदाराच्या मुलखात तो शब्द नाही. त्याच्याकडे अवसर म्हणजे रिकामा वेळ. त्याने कागदावर लिहिले, ‘अर्जदारास शेतराखणीस भरपूर अवसर आहे. मन व प्रकृती ठीक.’ त्या एका वाक्यावर परवाना झाला. बंदूक घरात आली ती अशी. चूक हवालदाराची.

आणि तिथेही अवसार हा शब्द मी का वापरला, हे विचाराल. आपल्या घरात त्याला दुसरा शब्दच ठेवलेला नाही म्हणून. दोन वर्षे तुम्ही सगळे तोच शब्द वापरता. गेल्या सालच्या आषाढात ते विहिरीच्या काठावर दोन दिवस बसून राहिले, आतून कोणी बोलते म्हणाले, तेव्हा तुम्ही पत्रात लिहिलेत, ‘अवसार आहे, नारळ ठेवा.’ माझ्या हातचे जेवण त्यांनी महिनाभर घेतले नाही, मी भातात काही घालते म्हणून. तेव्हा गुरव म्हणाला अवसार. हद्दीचे दगड कोणी सरकवतात म्हणून त्यांनी रोज सकाळी दगडांपाशी तांदूळ टाकायला सुरुवात केली, तेव्हा मीसुद्धा शेजारणीला म्हटले, अवसार.

माझा देवावर राग नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बावीस दसरे मी तुमच्या दादांना तरंग घेऊन उभे पाहिले आहे. ढोल थांबला, अंगावर तीर्थ पडले की ते डोळे पुसत खाली बसत आणि मला म्हणत, ‘पाणी दी गो.’ देव यायचा आणि जायचाही. आता जे येते त्याला ढोल लागत नाही. ते मंगळवारी येते, बाजाराच्या दिवशी येते, जेवणाच्या पानावर येते, आणि गेले की नाही हे आम्हाला चार-चार दिवस कळत नाही. ह्याला देवाचे नाव देऊन आपण देवालाही खोटे पाडले.

अठरा एप्रिलचे तुम्हाला फक्त कागदावरचे माहीत आहे. ‘साफ करताना अकस्मात बार उडाला.’ ते वाक्य तुम्ही तयार केलेत. झाले ते असे. सकाळी आठला हिरा मागीलदारी आली. हिरा म्हणजे आपली किनाऱ्यावरची मासेवाली, जिची पाटी तुमच्या लहानपणापासून आपल्या परसात उतरते. डोक्यावर बांगड्यांची पाटी होती. मी चुलीपुढे होते. तिने नेहमीसारखी हाक मारली, ‘मथुरे, भांडा हाड गो.’ मी भांडे घेऊन उठले आणि बार ऐकला. बाहेर गेले तर ती माडाच्या आळ्यात बसली होती, चेहऱ्याची डावी बाजू हातांनी धरून, आणि तुमचे दादा परसाच्या पायरीवर उभे. ओरडत नव्हते. मला अगदी शांतपणे म्हणाले, ‘ती पाटयेत माझी तकली घेवन चलली हुती. मी मागे घेतलंय.’

स्वतःचे डोके तिच्या पाटीत आहे असे त्यांना दिसले होते. मग त्यांनी पाटीतले बांगडे एक-एक उलटून पाहिले.

मी हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. तुम्हालाही नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलात, आणि येताच विचारलेत, ‘कोणी काय बोलला नाय ना?’ हिरा कशी आहे हे नंतर विचारलेत.

तुम्ही तिच्याकडे गेलात, तिला मावशी म्हणालात. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुझा डोळा दाखवतो, मी स्वतः घेऊन जातो, तू फक्त अपघात म्हण. तिने तुमच्या शब्दावर आंगठा दिला. मी तिथेच होते, तिचे डोके माझ्या मांडीवर होते. एप्रिल संपला, मे गेला, पाऊस लागला. तिच्या मुलाने तुम्हाला तीन पत्रे घातली. तुमचे उत्तर आले का? कार्यक्रमाचा कागद छापायला मात्र तुम्हाला वेळ झाला.

गणपती विसर्जनानंतर ती पहिल्यांदा आली. डोळ्यावर फडके, पाटीत सुके बांगडे. परसात आली नाही, कुंपणाच्या बेड्याच्या दाराबाहेर वाटेवर उभी राहिली. मी म्हटले, ‘आत ये गो हिरा.’

‘नको. हयसूनच घी.’

मी बाहेर जाऊन उभी राहिले. तिने बांगडे मोजून दिले आणि म्हणाली, ‘बंदूक परत येतली म्हणतत. खरा?’

‘कोण म्हणता?’

‘गावभर आसा. येतली तर माका आधी सांग, म्हंजे मी वाट बदलतंय. एक डोळो तुझ्या माडाखाली रवलो. दुसरो माका घराक न्हेवक होयो.’

मग जरा हसली आणि म्हणाली, ‘तुझ्या दिराक कळव, इस्पितळाची घाई नाय. माझा आता अर्ध्याच गावाकडे बघूचा आसता.’

तिने शिव्या घातल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

इथवर काल लिहून ठेवायचे होते, पण काल फौजदार येऊन गेल्यावर हात चालेना. आज बसले आहे ती त्यांचे आणि माझे बोलणे लिहिण्यासाठी. ते टाळून पत्र संपवता येईल का, हे मी सकाळपासून पाहिले. नाही येत.

फौजदार खळ्यात बसले नाहीत. तुमच्या दादांना नमस्कार केला, गंगाराम पाटलांना त्यांच्यापाशी बसवले आणि मला म्हणाले, ‘बाई, विहिरीचं पाणी चालेल. चला, मी तिथंच पितो.’ विहिरीपाशी आल्यावर त्यांनी खिशातून जानेवारीचा कागद काढला.

‘ह्यात अवसर लिहिलंय. माझी आई वेंगुर्ल्याची आहे. अवसर आणि अवसार मला दोन्ही कळतात. तुम्ही कोणता सांगितला होता?’

‘अवसार.’

‘म्हणजे हवालदारानं चुकीचं लिहिलं.’

‘होय.’

‘आणि खाली ही सही?’

‘माझी.’

‘सही आहे, आंगठा नाही. किती शिकलात?’

‘मराठी सातवी.’

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ‘म्हणजे वाचून सही केलीत.’

मी होय म्हटले.

भावोजी, वर मी चूक हवालदाराची म्हणून लिहिले. चूक त्याची होती, पण कागद त्याने माझ्या हातात दिला होता. मी तो वाचला. अवसर हा शब्द पाहिला. एक काना द्यायचा राहिला आहे, एवढे बोलायचे होते. तेवढे बोलले असते तर त्याने विचारले असते, अवसार म्हणजे काय? मग दुसरा प्रश्न आला असता, आणि तिसरा. तुमच्या दादांचा अडकित्ता अजून थांबलेलाच होता. आणि त्याच आठवड्यात विजयदुर्गाची मंडळी विमलला पाहून गेली होती. बापाचे डोके फिरलेले आहे असे सरकारी कागदावर आले असते तर ती मंडळी परत आली असती का? मी पेन घेतले आणि सही केली. मला त्या वेळी मनातून बरे वाटले, हेही लिहून ठेवते. देवाने वाट काढली असे वाटले. बंदूक घरात येईल ह्याचा विचार मनात आला होता. तो मी बाजूला सारला.

मेमध्ये विमलचे लग्न झाले. हिराच्या जखमेला तेव्हा एक महिनाही झाला नव्हता. लग्नाच्या जेवणाला तिने निरोप धाडला होता की मासे लागणार नसले तरी पोरीला माझा आशीर्वाद सांग.

तेव्हा तुमच्या पत्रातला टोमणा, ‘जावई मिळाला, आता नवऱ्याला वेडा ठरवायला वहिनी मोकळ्या झाल्या,’ हा मी खोडणार नाही. तो खरा आहे. तुम्ही तो मला दुखवायला लिहिलात, पण दुखावले म्हणून काही तो खोटा ठरत नाही. फक्त एवढेच की मी लेकीसाठी गप्प राहिले आणि तुम्ही एका बारासाठी. आपल्या दोघांच्या गप्प राहण्याची किंमत तिसरीनेच मोजली.

मी फौजदारांना विचारले, ‘आता सांगितले तर?’

ते म्हणाले, ‘तोंडी सांगून उपयोग नाही. सोमवारी कचेरीत लेखी द्या. त्यात तुमच्यावरही ठपका येईल, हे मी लपवत नाही. नाही दिलंत तर तुमच्या दिरांचा अर्ज, पाटलांची शिफारस आणि हा जुना कागद, तिन्ही एकच बोलतात. मामलेदार बंदूक अडवणार कशावर?’

‘तुमका दिसता तसा तुम्हीच लिवा.’

‘मला काय दिसतं? मी आलो तेव्हा ते शांत बसून होते. मला बसायला पाट दिला. घरात काय होतं ते घरचंच माणूस सांगणार.’

मग म्हणाले, ‘आणि घरच्या माणसाला हे त्यांच्यासमोर विचारायचं नसतं. जानेवारीत ते चुकलं.’

दोन वर्षांत मला कोणी असे बोलले नव्हते. मी पदर तोंडाला लावून तिथेच उभी राहिले. परत आलो तेव्हा तुमचे दादा गंगाराम पाटलांना म्हणत होते, ‘बंदूक हाडल्यार बरा. ते दगड परत सरकवतत.’ पाटील हसून म्हणाले, ‘येतली रे धोंडू, दसऱ्याक येतली.’ फौजदारांनी ते ऐकले.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे, ‘असे काही कागदावर दिलेत तर धुऱ्यांच्या घराशी तुमचा संबंध राहणार नाही. मी तुम्हाला वहिनी म्हणणार नाही.’ तुम्हाला वाटते मी घाबरेन. बावीस वर्षांपूर्वी घाबरले असते. ह्या घरात त्यांना अंघोळ मी घालते, रात्री दाराला आडणा मी लावते, आणि त्यांनी ताट भिरकावले तर भात मी गोळा करते. संबंध तोडायचा तर त्यातले कोणते काम तुम्ही मुंबईहून येऊन करणार आहात, ते कळवा.

पत्र आज दुपारच्या टपालात पडेल. शुक्रवारी तुमच्या हातात यावे. शनिवारी तार करता येते. अर्ज मागे घेतलात तर सोमवारी मामलेदारांपुढे माझा एकटीचा कागद राहील. नाही घेतलात तर घरच्या सर्वांची संमती तुम्ही कोणाकडून घेतली, हे सांगायला तुम्हाला बोलावणे येईल. मी ते टाळणार नाही, टाळा म्हणून विनंतीही करणार नाही.

विमलच्या सासरी उद्या मीच पत्र घालते. गंगाराम पाटलांच्या तोंडून त्यांना कळण्यापेक्षा माझ्या अक्षरात कळू दे. त्यांनी पोरीला माहेरी आणून सोडले तर तिला घरात घेईन, आणि का सोडले ते तिला खरे सांगेन.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी निघते आहे. हिरा बरोबर येणार आहे. काल संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते, सगळे सांगितले. सहीचेही सांगितले. ती जाळे निवडता निवडता म्हणाली, ‘येतंय. पण गाडयेत तू माझ्या उजव्या बाजूक बस. माका तू दिसाक होयी.’

अकरा वाजता पुकारा होईल. मी लेखी देईन की माझे पती धोंडू बाबाजी धुरी ह्यांचे मन दोन वर्षे ठिकाणावर नाही, हे मला जानेवारीत ठाऊक होते, आणि ह्या घरात बंदूक देऊ नये. फौजदार म्हणतात, त्यानंतर बंदूक ठाण्यातच राहील, हिराचा जबाब नव्याने घेतील, मग माझा घेतील, आणि महिन्याच्या आत तुमच्या दादांना रत्नागिरीला डॉक्टरांपुढे तपासणीसाठी नेतील. त्यांच्याबरोबर मी जाणार.

सोमवारी अकरापर्यंत तुमची वहिनी,
मथुरा